पहिला एअरब्रश कुठला? (सुरुवात १८७९ पासून)

गेले तीन-चार महिने मला एकच प्रश्न पडलाय. पहिला एअरब्रश कुठला घ्यावा?

प्रश्न तसा साधा आहे. दुकानात जायचं, चार डबे उघडून बघायचे, एक उचलायचा. पण आम्ही पडलो इंजिनियर. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिचा तक्ता केल्याशिवाय आमचा हात खिशाकडे जात नाही. सिंगल ॲक्शन की डबल ॲक्शन? वरून वाटी की खालून बाटली? नोझल ०.२ की ०.३ की ०.५? टाकीवाला कॉम्प्रेसर की बिनटाकीचा? तक्ता अठरा रकान्यांचा झाला तेव्हा लक्षात आलं की रकाने भराभर भरतायत, पण कुठल्या रकान्याला किती मार्क द्यायचे हे काही कळत नाहीये.

मग म्हटलं, उलटीकडून जाऊ. एवढे प्रकार झालेच का? प्रत्येक खटका, प्रत्येक वाटी कुणाची तरी अडचण सोडवायला आली असणार. ती अडचण माझी आहे का, एवढं तपासलं की झालं. दोन शनिवार-रविवार यात गेले. उत्तर मिळालं. पण जे वाचलं त्यात आमच्या घरच्या भिंतीवरच्या एका फोटोचाही उलगडा झाला, म्हणून हा लेख.

आधी, एअरब्रश हवाच कशाला? तर एस.टी.साठी.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढे आणि आंब्याच्या अलीकडे. आजोबा एस.टी.त ड्रायव्हर होते. मलकापूर आगार, आणि बराच काळ कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता, म्हणजे रोजचा आंबा घाट. त्यांच्या गाडीचं एक मॉडेल करायचं असं बरीच वर्षं डोक्यात होतं. महाराष्ट्रात एस.टी.ची मॉडेलं करणारे खूप हौशी लोक आहेत. सनबोर्ड, फोमशीट, कार्डबोर्ड कापून अगदी तिकिटाच्या पेटीपर्यंत सगळं करतात. त्यांचं बघून मीही एक सांगाडा उभा केला, १:३२ प्रमाणात. खरी गाडी साधारण अकरा मीटर धरली, तर मॉडेल भरतं चौतीस सेंटिमीटरच्या आसपास. टेबलावर छान मावतं.

घोडं अडलं रंगापाशी. साध्या ब्रशने रंगवलं तर ओरखडे दिसतात. इथे थोडं गणित. ब्रशच्या रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला असं धरा. १:३२ मध्ये त्याचा अर्थ खऱ्या गाडीवर सव्वातीन मिलिमीटर जाडीचा रंग! असा रंग एस.टी.ला कुणी दिला असता तर ती घाट चढली नसती. खिडक्यांच्या कडा, रिव्हेट, पत्र्याचे सांधे सगळं त्या थरात बुडून जातं. मग हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा आणला आणि आधी थर्माकोलच्या तुकड्यावर उडवून पाहिला. दिवाळीच्या किल्ल्यावर ज्यांनी हा प्रयोग केलाय त्यांना पुढचं माहीत आहे. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला, आणि त्याच्या जागी लाल रंगाचं डबकं उरलं. डब्यातल्या रंगात जे द्रावण असतं ते पॉलिस्टायरीन खातं. वर डब्याचा फवारा कमीजास्त करता येत नाही तो नाहीच.

म्हणजे पातळ थर, पाण्यात मिसळणारा रंग आणि हातातला ताबा, असं तिन्ही देणारं काहीतरी पाहिजे. इथून गाडी १८७९ सालाकडे वळते.

तसं बघायला गेलं तर १८७६ साली अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली नावाच्या माणसाने रंग उडवण्याच्या एका उपकरणाचं पेटंट घेतलं होतं. (याच स्टॅन्लीने आणि त्याच्या जुळ्या भावाने पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. असे दहा ठिकाणी हात घालणारे लोक मला फार आवडतात.) पण ज्याला एअरब्रशचा पूर्वज म्हणतात ते यंत्र केलं ॲब्नर पीलरने, १८७९ मध्ये, आयोवा राज्यातल्या वेबस्टर सिटी नावाच्या छोट्या गावात. लाकडाचा तुकडा, वाकवलेली शिवणाची सुई, जुना चमचा असल्या घरगुती वस्तूंमधून त्याने ते जुळवलं असं सांगतात. त्याची युक्ती गमतीची आहे. हवेच्या जोरावर एक बारीक चाक फिरतं, चाकाला जोडलेली सुई भराभर पुढेमागे होते, दर फेरीला रंगाचा एक कण घेऊन हवेच्या झोताच्या तोंडाशी येते, आणि झोत तो कण कागदावर उडवतो. म्हणजे शिवणयंत्र आणि पिचकारी यांचं लग्नच! पीलरने त्याला नाव दिलं 'पेंट डिस्ट्रिब्यूटर'. आजच्या एअरब्रशमध्ये ते चाक नाही. सुई मात्र आहे.

आता, आयोवातल्या माणसाला हे कशाला लागलं? मला वाटलेलं की चित्रकार असेल, आकाश रंगवायचं असेल. तसं नव्हतं. त्याला फोटो सुधारायचे होते.

त्या काळी छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो करायचा तर उन्हाचा झोत वापरून करत. असा मोठा केलेला फोटो फिकट यायचा. डोळे पुसट, नाकाची कड हरवलेली, केसांचा नुसता ढग. मग कारागीर त्यावर खडूने आणि शाईने काम करून माणूस पुन्हा 'उभा' करत. अमेरिकेत घरोघरी असे मोठे फोटो टांगायची पद्धत होती, आणि त्यातले पुष्कळसे गेलेल्या माणसांचे. ब्रशने हे केलं की ते चित्र दिसतं. पीलरच्या यंत्रातून उडणाऱ्या बारीक कणांनी केलं तर ते फोटोच वाटतं. कुणीतरी हात फिरवलाय हे कळता कामा नये, हेच त्या यंत्राचं पहिलं काम होतं.

हे वाचलं आणि मी घरच्या फोटोपाशी थांबलो.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचा नीट असा एकही फोटो घरात नव्हता. ओळखपत्रावरचा स्टॅम्पएवढा एक होता, शिक्का अर्धा कपाळावर आलेला. तो एका स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला. तेराव्याच्या आधी फ्रेम घरी आली. शिक्का गायब, कपाळ गुळगुळीत, मिशी एकसारखी काळी, गालावरची खोक (लहानपणी बैलगाडीवरून पडले होते) गायब. टोपी पांढरीशुभ्र. आमची आज्जी बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये कोण रं? आमचं मालक असं कवा हुतं?"

कुणी काही बोललं नाही. फोटो लावला, हार घातला. तो अजूनही तिथेच आहे. स्टुडिओवाल्याचा यात काही दुष्टावा नव्हता. गेलेल्या माणसाला स्वच्छ करून द्यायचं ही त्या कामाची रीतच, पार आयोवापासूनची. तेवढं मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

असो. पुन्हा यंत्राकडे.

पीलरचे हक्क लिबर्टी वॉकअप नावाच्या माणसाने सातशे डॉलरला विकत घेतले. 'एअर ब्रश' हे नाव वॉकअप दांपत्याने रूढ केलं, १८८० च्या दशकात इलिनॉयमधल्या रॉकफर्डला कारखाना काढला, आणि वापरायला शिकवणारे वर्गही चालवले. यंत्र चांगलं होतं पण नाजूक. चाक अडकणार, सुई वाकणार. १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने चाकच काढून टाकलं. त्याच्या रचनेत सुई एका निमुळत्या नोझलच्या आत बसते. सुई मागे ओढली की नोझलचं तोंड उघडतं आणि रंग बाहेर येतो, भोवतालून हवा सुटते, नोझलच्या टोकाशी दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि तिथेच त्याचे कण होतात. रंग आणि हवा यांची गाठ यंत्राच्या आतच पडते. शिकागोमधून ही रचना बाजारात आली, आणि बर्डिकने पुढे इंग्लंडला जाऊन जो धंदा उभा केला त्यातून 'एरोग्राफ' हे नाव झालं. पाशे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने शिकागोतच १९०४ मध्ये कंपनी काढली. ती अजून एअरब्रश बनवते. आज आपण जो पेनसारखा एअरब्रश हातात धरतो तो मुळात याच घराण्यातला. सव्वाशे वर्षांत सुई-नोझलची कल्पना बदललेली नाही. आमच्या धंद्यात दोन वर्षांपूर्वीचा कोड 'जुना' म्हणून फेकतात, त्या पार्श्वभूमीवर हे वाचून जरा बरं वाटलं.

तक्त्यातले पहिले दोन रकाने इथे सुटतात.

एक: सिंगल आणि डबल ॲक्शन. सिंगलमध्ये खटका दाबला की हवा आणि रंग दोन्ही सुरू. किती रंग यायचा ते आधी स्क्रू फिरवून ठरवायचं. डबलमध्ये खटका खाली दाबला की नुसती हवा, आणि मग तो मागे ओढाल तितका रंग. म्हणजे रेघ चालू असतानाच ती बारीक-जाड करता येते. फोटो सुधारणाऱ्याला भुवई करायची होती, ती सुरुवातीला जाड आणि शेवटाला विरत जाणारी. त्यामुळे त्याला चालू हातात प्रमाण बदलता येणं गरजेचंच होतं. नुसता सपाट रंग द्यायचा तर सिंगल पुरतो. मला दोन्ही करायचंय: पत्र्याला सपाट लाल, आणि चाकांच्या वर विरत जाणारी धूळ. धूळ म्हणजे भुवईच. डबल ॲक्शन.

दोन: रंग नोझलच्या आत की बाहेर फुटतो. बाहेर फुटणारे स्वस्त, धुवायला सोपे, पण कण जाड. वर सांगितलेलं सव्वातीन मिलिमीटरचं गणित आठवा. आतलाच.

तिसऱ्या रकान्यासाठी एका डॉक्टरकडे जावं लागतं. ओहायोतल्या टोलेडो गावात ॲलन डेव्हिल्बिस नावाचे घसातज्ज्ञ होते. रुग्णाच्या घशात औषध लावायला त्यांनी १८८८ मध्ये फवारणीचं उपकरण केलं. त्यांच्या मुलाने, टॉमसने, तेच तत्त्व मोठं करून रंगाची स्प्रे गन केली. पुढे १९२० च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जायचे, आता तासांत वाळू लागला. इतका पटकन वाळणारा रंग ब्रशने ओढताच येत नाही, ओढेपर्यंत घट्ट होतो. त्यामुळे गॅरेजांत गन आली ती कायमचीच. त्या रंगाचं व्यापारी नाव होतं 'ड्युको'. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा रंग असला तरी गॅरेजवाले अजून "ड्युको मारायचा" असंच म्हणतात, ते इथून आलं.

म्हणजे एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत गाड्यांवर चालली ती गन, आणि मला हवा तो एअरब्रश, हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. गनचं तोंड मोठं, साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास. एअरब्रशचं ०.२ ते ०.५. बारीक तेवढं चांगलं, असं मला आधी वाटायचं. पण ०.२ मध्ये रंगाचा एक कण अडकला की काम थांबतं, आणि नवशिक्याचा रंग नेहमी जाडच असतो. ०.५ ने बारीक रेघ येत नाही. ०.३ मध्ये चौतीस सेंटिमीटरची बस दोन-तीन हातांत झाकली जाते आणि बोटभर रुंदीची धूळही जमते. ०.३.

विसाव्या शतकात एअरब्रशचा खरा सुवर्णकाळ आला, आणि काळाकुट्ट काळही. मान रे नावाच्या कलाकाराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एअरब्रशने चित्रं काढली आणि त्यांना 'एरोग्राफ' म्हटलं. व्हार्गासने चाळीसच्या दशकात अमेरिकन मासिकांसाठी ज्या सुंदऱ्या रंगवल्या त्यांच्या कातडीवर एक छिद्र दिसत नाही. आणि स्टालिनच्या रशियात याच तंत्राने माणसं पुसली गेली. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी उभा असलेला येझोव्ह, त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख, १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला. त्यानंतरच्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी आहे. छान, शांत, तरंगांसकट पाणी. कुणीतरी टेबलाशी बसून, नोझल जपून पुसत, ते तरंग काढले असतील.

माझ्या आजोबांच्या गालावरची खोक आणि येझोव्ह यांची तुलना होऊ शकत नाही, मला कळतंय. एकीकडे माया आहे, दुसरीकडे खून. पण यंत्राला तो फरक कळत नाही. खटका तोच, सुई तीच.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. त्यात 'एअरब्रश' नावाचं एक बटण होतं. हळूहळू ते बटण उरलं आणि खरे एअरब्रश फोटोच्या धंद्यातून निघून गेले. मग ही यंत्रं गेली कुठे? काही गाड्यांवर चित्रं काढणाऱ्यांकडे, काही केकवाल्यांकडे, काही मेकअपवाल्यांकडे, आणि बरीचशी आमच्यासारख्या मॉडेलवाल्यांकडे.

प्लास्टिकच्या किटचा छंद तोपर्यंत चांगला वयात आला होता. इंग्लंडच्या एअरफिक्सने १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' हे जहाज स्वस्तात विकायला काढलं, पुढच्या वर्षी स्पिटफायर विमान. जपानच्या तामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला तो निघाला १:३५, आणि तेच पुढे जगभर रणगाड्यांचं प्रमाण होऊन बसलं! (प्रमाणित गोष्टी अशाच ठरतात. ऑफिसातले अनुभवी लोक मान डोलावतील.) सुरुवातीला मुलं ही मॉडेलं ब्रशने रंगवत आणि चकचकीत ठेवत. मग मोठी माणसं या छंदात शिरली, आणि मॉडेलं मळवायला लागली. चिखल, गंज, धूर, पावसाचे ओघळ, उन्हाने उडालेला रंग. शंभर वर्षं डाग पुसायला वापरलेलं यंत्र या लोकांनी डाग घालायला वापरलं. सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

आता कोल्हापूर. एअरब्रश आयात करून डब्यातून काढला की झालं, असं आपल्याकडे कधी नव्हतं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे लोक. 'पेंटर' हे आडनाव नव्हतं, आडनाव मेस्त्री. दोघा भावांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. हे कॅमेरा बनवणारे लोक रंगवाले होते, ही गंमत आहे. हत्यार आतून माहीत असलं पाहिजे ही कोल्हापूरची सवय. आजही उद्यमनगरात गेलात तर जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला टाकी आणि गेज लावून कुणी ना कुणी देईल. फ्रिजचा कॉम्प्रेसर आवाज जवळजवळ करत नाही, हा त्याचा मोठा गुण. (पण तेल फेकतो. गाळणी लागते. आणि टाकी म्हणून कुठलाही जुना डबा वापरू नका. दाबाखाली फुटला तर तो बॉम्बच.)

एअरब्रशचा थोरला भाऊ बघायचा असेल तर श्रावणात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जा, नाहीतर बापट कॅम्पला. गणपतीच्या कारखान्यांत कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि पितांबराच्या घड्यांवर, सोंडेवर गनने सावली धरली जाते. पिवळ्यातून केशरी इतकं अलगद येतं की कड सापडत नाही. पण डोळे? डोळ्यांची आखणी हातानेच, बारीक ब्रशने, आणि ती सगळ्यात मुरलेला माणूस करतो. तेव्हा एअरब्रश घेतला म्हणून घरातले ब्रश फेकू नका. माझ्या एस.टी.वरचा मार्गाचा फलक मी ब्रशनेच लिहिणार आहे.

उरलेले रकाने आता भराभर.

वाटी वर की बाटली खाली? वरच्या वाटीत रंग आपल्या वजनाने उतरतो, कमी दाबावर चालतो, दहा थेंब रंग असला तरी काम होतं. खालच्या बाटलीतून रंग ओढायला जास्त हवा लागते, पण एकच रंग भरपूर मारायचा तर ती सोयीची. मॉडेलला वरची वाटी.

कॉम्प्रेसर. माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होता. मी सगळे पैसे एअरब्रशवर लावून कॉम्प्रेसर मिळेल तो घेणार होतो. उलट करावं. बिनटाकीच्या छोट्या पंपाची हवा धक्क्याधक्क्याने येते, आणि चांगल्यातला चांगला एअरब्रशही त्या धक्क्यांबरोबर थुंकतो. छोटी का होईना टाकी हवी, दाब ठरवायला रेग्युलेटर हवा (मॉडेलला १५ ते २० पीएसआय पुरतात), आणि पाणी अडवणारी बाटली तर हवीच हवी.

ही शेवटची गोष्ट शाहूवाडीकरांनी अधोरेखित करावी. २५ अंश तापमानाला पावसाळी, ओली गच्च हवा घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून असते. ती दाबून पाव आकाराची केली आणि पुन्हा थंड होऊ दिली, तर त्यातलं तीन चतुर्थांश पाणी बाहेर पडतं. ते जाणार कुठे? नळीत, आणि तिथून थेट तुमच्या लाल रंगावर, थेंबाथेंबाने. आंब्याच्या पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे कॉम्प्रेसरची टाकी म्हणजे छोटा पाझर तलाव होतो. काम झालं की टाकीचं खालचं बूच उघडून पाणी काढायचं. आणि ड्युकोवाला मिस्त्री भर पावसात गाडी रंगवायला का नाही म्हणतो तेही यातच आलं. ओल्या हवेत त्या रंगावर पांढरी झाक येते.

वीज नसेल तर? पूर्वीच्या हौशी लोकांनी मोटारीच्या जादा टायरला नळी जोडून एअरब्रश चालवलेत. २००० च्या दशकातल्या बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगमध्ये हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं. आजोबांच्या पोराला-नातवाला टायर तरी कमी नव्हते.

रंग पाण्यातला ॲक्रिलिक, दुधाइतका पातळ करून, नायलॉनच्या मोज्यातून गाळून. थर्माकोलला, फोमला आणि घरातल्या माणसांना तोच झेपतो. तरीही खिडकी उघडी आणि तोंडाला चांगला मास्क, कारण हे कण फुफ्फुसात जातात. आणि दर रंगानंतर सुई काढून पुसायची. पीलरच्या काळापासून ही यंत्रं मुख्यतः आळसाने मेलीत.

तर माझं उत्तर: डबल ॲक्शन, वरची वाटी, ०.३ चं नोझल, चिनी बनावटीचा असला तरी सुटे नोझल आणि सुया मिळतील असा; आणि पैशाचा मोठा वाटा टाकीवाल्या कॉम्प्रेसरला. गेल्या महिन्यात घेतला. पहिले दोन रविवार नुसत्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा मारल्या. पहिल्या दिवशी जे कागदावर आलं त्याला कोळ्याचं जाळं म्हणता येईल, रेघ म्हणणं अवघड.

एस.टी.ला आता राखाडी प्रायमर लागलाय. पुढचा प्रश्न लाल कुठला. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर धावली, किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. ती निळी होती, वर चंदेरी टप. लाल नंतर आला. आणि लाल म्हणजेही एक लाल नाही. कार्यशाळेतून आलेला लाल वेगळा, तीन उन्हाळे खाल्लेला वेगळा.

गेल्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा राखाडी गाडी आज्जीला दाखवली. तिला आता कमी दिसतं. तिने दोन्ही हातांत घेऊन टपावरून, खिडक्यांवरून बोटं फिरवली. मी विचारलं, आजोबांची गाडी कशी असायची गं, स्वच्छ की मळकी?

"सवच्छ कुटली?" ती म्हणाली. "घाटातनं आली की चाकापासनं खिडकीपतोर तांबडी माती. ह्यांच्या शर्टावर बी, मिशीवर बी. धुऊन धुऊन माझं हात गेलं."

वहीत लिहून घेतलंय. चाकापासून खिडकीपर्यंत. पातळ करून, १५ पीएसआयवर, तीन हात.